पायाचा अंगठा आणि फिरकीचा तांब्या

पळसतांडा, सिद्धेश्वर धरणापाशी
१८ ऑगस्ट २००३

प्रियंकाताई,

आधी गुन्हा कबूल करतो, मग रामराम घालतो. तुमच्या हक्क आयोगात भिकाकाकीच्या नावानं तक्रारीचा एक कागद आला आसंल. त्याच्यावरचा अंगठा काकीचा न्हाई. माझा हाय. आन् हाताचा पण न्हाई. पायाचा हाय, डाव्या.

हसू नको. माझ्या हाताच्या अंगठ्याला इळ्याची खूण हाय आन् आमच्या ठाण्याचा जमादार ती खूण बराबर वळखतो. मागल्या गणपतीत त्याच्या फटफटीच्या शीटावर मी डिंक लावला, तवा त्यानं ठाण्यात नेऊन माझ्या धाही बोटांचे ठसे घेतले होते. मंग इचार केला, पायाचा ठसा काय सरकारपाशी न्हाई. शाई वाटीत वतली आन् दिला पाय ठेवून.

आता काहून केलं ते सांगतो. जून महिन्यात तुझ्या आबाची कॅनालवरची मोटर गायब झाली. दुसऱ्या दिशी जमादार जीप घेऊन तांड्यावर आला आन् पेमाकाकाला उचलून नेलं. पेमाकाका म्हंजी तोच, होळीला नगारा वाजवणारा. ल्हानपणी तू आबाची नजर चुकवून त्याच्या नगाऱ्यावर नाचायला आली होतीस, आठवून बघ. चार दिवस ठेवला. कुठं नोंद न्हाई, कोर्ट न्हाई. पाचव्या दिशी सोडला तवा उजवं मनगट वाळल्या काडीवानी लटकून राहिलं होतं. वरून जमादार म्हणला, "तोंड उघडलं तर समद्या तांड्यावर केस टाकतो."

मोटर घावली न्हाई, केस झाली न्हाई, पण नाव पडलं. मोटरचोर. त्याच्या मिनाची सोयरीक ठरली होती, सोयरे म्हणले, "आधी बापाचं नाव धुऊन आणा, मंग बोलू." काकी भिऊन गप. काका भिंतीकडं तोंड करून बसतो.

दिवाळीत तू आली होतीस तवा छाती फुगवून सांगत होतीस, "आमच्या आयोगात साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, वकील लागत न्हाई." म्हणून लिवला. काकीला लिवता येत न्हाई आसं धरून अंगठा मीच मारला.

मोटर तुझ्या आबाची हाय. काकाचं नाव आबांनी घेतलं का जमादारानं आपल्या मनानं, मला ठाऊक न्हाई. ह्ये लिवताना हात थांबला होता. मंग म्हणलं, ताईला न्हाई तर कोणाला लिवू?

तुझा रणज्या


मुंबई
३० ऑगस्ट २००३

रणज्या,

गाढवा, तुला जोड्यानं मारलं पाहिजे. आवक विभागात मीच बसते. तो कागद मीच फोडला, मीच नंबर टाकला. ठसा पाहून मला वाटलं ही बाई पैलवान असणार.

अरे, तुझ्या नावानं लिहिलं असतंस तरी चाललं असतं! ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासाठी दुसरा कोणीही तक्रार करू शकतो, हेच तर मी दिवाळीत सांगत होते. पण तू तेव्हा माझ्या ताटातली करंजी पळवण्यात गुंग होतास. आता खोट्या ठशामुळं खरी तक्रार बुडाली तर?

आबांचं मला काहीच माहीत नव्हतं. फोनवर एवढंच म्हणाले होते, "मोटर गेली, दुसरी बसवली." पेमाकाकांचं नावसुद्धा काढलं नाही. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

कागद वर गेला आहे. पोलिसांकडून सहा आठवड्यांत अहवाल मागवलाय. तो जिल्ह्याच्या कचेरीत जाईल, तिथून खाली येईल. खाली म्हणजे कुठं, ते विचारू नकोस.

प्रियंका


पळसतांडा
१२ सप्टेंबर २००३

ताई,

इचारू नको म्हणलीस, पण काल मीच बघितलं. आमच्या पोस्टमननं ठाण्यात टपाल टाकलं. जमादार चहाच्या टपरीवर हासून सांगत होता, "मुंबईहून कागद आलाय. माझी चौकशी मलाच करायला लावली."

म्हंजी ज्यानं मारलं त्यालाच इचारायचं, "बाबा, मारलं का रं?" आन् तो न्हाई म्हणला की खलास?

तुला आमच्या नसाबीचं सांगतो. नसाब म्हंजी तांड्याचा न्यायनिवाडा. तीन सालामागं प्रेमदास नायकाच्याच बैलानं पारुबाईची तूर खाल्ली. नायक म्हंजी तांड्याचा मुखिया, न्याय तोच करतो. पण त्या दिशी तो आपण होऊन बाजंवरून उठला, खाली मातीत बसला आन् म्हणला, "माझ्या बैलाचा न्याय म्या करायचा न्हाई." बाळापूरकडच्या तांड्याचा नायक बोलावला. तो म्हातारा धा कोस चालून आला, पण आमच्या घरचं पाणी त्यानं तोंडाला लावलं न्हाई. आपला तांब्या, आपली भाकर, आपली तंबाखू. आमचा रिवाजच हाय तसा: निवाडा व्हईपोतर न्याय करणाऱ्यानं दोन्ही अंगांचं पाणी प्यायचं न्हाई. न्हाईतर न्याय बाटतो. प्रेमदास नायकाला धा पायली तूर भरून द्यायला लावली त्यानं, आन् मंग कुठं घोटभर पाणी प्याला.

आमी अंगठेबहाद्दर माणसं. आमाला येवढं कळतं. तुमच्या आयोगातल्या शिकलेल्या लोकांना कोणी तरी तांड्यावर शिकायला धाडा. फी घेणार न्हाई.

रणज्या


मुंबई
५ नोव्हेंबर २००३

रणजीत,

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला तोंड नव्हतं, म्हणून उशीर.

अहवाल आला. "तांड्यावर समक्ष जाऊन चौकशी केली. अर्जदार भिकाबाईंचा जबाब घेतला. त्यांच्या पतीस कोणीही मारहाण केलेली नसून ते बैलगाडीवरून पडले. त्यांची काहीही तक्रार नाही." खाली भिकाबाईंचा अंगठा आहे.

फाइल बंद झाली.

आमच्याकडची गोष्ट सांगते, मनात ठेव. आयोगाला चौकशीला स्वतःची माणसं जवळजवळ नाहीत. जी आहेत ती पोलीस खात्यातून दोन-तीन वर्षांसाठी उसनी आलेली. उद्या त्यांना तिकडंच परत जायचं आहे. ती कोणाशी वाकडं घेतील? आमचे विभागप्रमुख त्यातलेच. असे बंद झालेले गठ्ठे रोज माझ्या टेबलावरून जातात रे. त्यातल्या एका नावालाही मला कधी चेहरा नव्हता. या वेळी आहे.

जबाबाची झेरॉक्स नियमाप्रमाणं अर्जदाराला पाठवायची असते. ती या पाकिटात आहे. काकींवर रागावू नकोस. घाबरून अंगठा दिला असेल.

प्रियंका


पळसतांडा
१४ नोव्हेंबर २००३

ताई! ताई! ताई!

खाली बस. पाणी पी. मंग वाच.

तुझी झेरॉक्स घेऊन मी तणतणत काकीच्या दारात गेलो. काकी तव्यावर भाकर टाकून राहिली होती. म्हणलं, "काकी, काहून अंगठा दिलास? आमच्यासंगं बेइमानी?"

काकी म्हणली, "कोणता अंगठा रं?"

म्या कागद दाखवला. काकीनं पिठाचे हात झटकले, झेरॉक्स घेतली, आन् ताई, ती वाचाया लागली! बोट ठिवून ठिवून, पण वाचलं. "बै-ल-गा-डी-व-रू-न." मंग माझ्याकडं आसं बघितलं की भाकर जळली तरी माझी उलटवायची हिंमत झाली न्हाई.

"मुडद्या," म्हणली, "मी सही करते. साक्षरतेच्या वर्गाला मालनबाईच्या वट्यावर दोन सालं बसले मी. बँकेत सही, राशनला सही, मतदानाला सही. बारा वर्सं झाली, ह्या अंगठ्याला शाई लावली न्हाई. तुला कोणी सांगितलं मला लिवता येत न्हाई?"

कोणी न्हाई सांगितलं. मीच धरून चाललो. नववी नापास मी, आन् काकी माझ्याहून गोल अक्षर काढते.

आता नीट ऐक. पोलिसवाले जर खरंच तांड्यावर आले आसते आन् काकीपुढं कागद ठिवला आसता, तर काकीनं सही केली आसती. ते आलेच न्हाईत! ठाण्यातच बसून जबाब लिवला. आपल्या अर्जाची नक्कल त्यांच्यापुढं होती, त्याच्यावर बघितला अंगठा, म्हणले ही बाई अंगठेवाली, मार कोणाचा तरी अंगठा. म्हंजी माझ्या पायानं त्यांना खड्ड्यात घातलं! माझी चूक नसती तर त्यांची चूक घावलीच नसती.

काकीचा कागद जोडला हाय. तिनं स्वतः लिवला. माझा हात लागला न्हाई, फकस्त शाई माझी.

रणज्या

(संगं जोडलेला कागद)

साहेबांस भिकाबाई पेमा राठोड यांचा नमस्कार. पोलीस माझ्याकडे आले नाही. मी जबाब दिला नाही. मला सही येते. माझा मालक बैलगाडीवरून पडला नाही. आमच्याकडे बैलगाडी नाही. आम्ही चोर नाही. खाली सही माझी आहे. अजून पाच जागी करून दाखवते.
भिकाबाई पेमा राठोड
भिकाबाई पेमा राठोड
भिकाबाई पेमा राठोड
भिकाबाई पेमा राठोड
भिकाबाई पेमा राठोड
भिकाबाई पेमा राठोड


पळसतांडा
२५ जानेवारी २००४

ताई,

दोन महिने झाले. रोज पोस्टमनच्या सायकलीमागं पळतो. तो आता मला बघून घंटी पण वाजवत न्हाई.

काकी म्हणते, "येईल रं, मोठं हापिस हाय." पेमाकाका म्हणतो, "कोणी येत न्हाई." मिनाचे सोयरे दुसरीकडं पोरगी बघून राहिले.

समजून गेलो. मोटर तुझ्या आबाची. बापापुढं तांड्याची काय किंमत? तू पण जमादाराच्या जीपमंधी बसलीस, आसं दिसतं. बसून राहा. शीटाला डिंक लावला न्हाई म्या.

रणजीत


मुंबई
३ फेब्रुवारी २००४

रणज्या,

तुझं पत्र वाचून रडले, मग हसले, मग चिडले. आता नीट ऐक.

काकींचा कागद आला त्याच दिवशी मी दोन्ही ठसे आणि त्यांच्या सह्या एकाखाली एक लावून वर पाठवलं. विभागप्रमुखांनी ते कपाटात घातलं. "बंद फाइल उकरू नका." दहा दिवसांनी मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, "बाई, तुमचं काम शिक्के मारायचं." मग मी शिक्केच मारले. नियम असा आहे की नव्यानं आलेला प्रत्येक कागद सदस्य साहेबांच्या टपालात एकदा तरी गेला पाहिजे. मी काकींच्या कागदावर नवीन आवक नंबर टाकला आणि साहेबांच्या टपालात सगळ्यात वर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. माझी नोकरी अजून कंत्राटी आहे. दोन महिने मला वाटत होतं, गेलीच. म्हणून तुला लिहिलं नाही. लिहून काय सांगणार होते, भीती वाटते?

आठवड्यापूर्वी साहेबांनी बोलावलं. निवृत्त न्यायाधीश आहेत, जाड चष्मा, कमी बोलतात. त्यांच्यापुढं काकींच्या सहा सह्या होत्या. म्हणाले, "अजून पाच जागी करून दाखवते! एवढा स्पष्ट पुरावा मी तीस वर्षांत पाहिला नाही." मी तेव्हाच सांगून टाकलं, "साहेब, ही मोटर माझ्या वडिलांची आहे. मी या फाइलला यापुढं हात लावणं बरं नाही." त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "हे कुठं शिकलात?" मी म्हटलं, "गावाकडं. तांड्यावर." आणि प्रेमदास नायकाच्या बैलाची सगळी गोष्ट सांगितली, तांब्यासकट.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं. मग म्हणाले, "मी स्वतः जातो. जीप नको, रेस्ट हाऊस नको."

२० फेब्रुवारीला येतायत. पोलिसांना रीतसर कळवलंय. आबांनाही समन्स आहे. मी आबांना एक शब्द लिहिलेला नाही, लिहिणारही नाही. ते काय बोलतील मला खरंच माहीत नाही. नोटिशीचा निकालही अजून लागायचाय.

आणि रणज्या, पहिल्या अर्जावरचा अंगठा कोणाचा हे विचारलं जाणारच. मी साहेबांना सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. खोटं बोललास तर मी तुला ओळखत नाही.

प्रियंका


पळसतांडा
२२ फेब्रुवारी २००४

ताई,

पहिलं म्हंजी माफी. जीपचं जे लिवलं ते फाडून टाक. दुसरं म्हंजी, जिंकलो! आता पहिल्यापासून सांगतो.

पोलिसांनी धरणावरच्या रेस्ट हाऊसला तयारी केली होती. धरणातली मरळ आणली, बासमती भिजवला, गाद्यांना नव्या खोळी. जवळा बाजारच्या स्टँडवर जीप पुसून उभी. आन् साहेब लाल डब्यातून उतरला, धोतर, कोट, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या. संगं एक टायपिंगवाला, मशीन डोक्यावर. जमादारानं सलाम ठोकला, "साहेब, गाडी." साहेब म्हणला, "कोणाची?" "आपलीच, साहेब." "माझी गाडी मुंबईला आहे," म्हणून काळीपिवळीत शेळीवाल्याच्या बाजूला जाऊन बसला, आन् तिकिटाचे पैसे मोजून दिले!

लिंबाखाली बाज टाकली. समदा तांडा जमला. फौजदार, जमादार आन् एक कवळा शिपाई एका अंगाला. आबा आलं होतं, लांब कडंला उभं, टोपी हातात.

तांड्यातल्या लक्ष्मीबाईनं पाणी आणलं. साहेब हात जोडून म्हणला, "माउली, निवाडा झाल्यावर." ताई, प्रेमदास नायक जागचा उठून उभा राहिला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी. मला म्हणला, "ह्यो आपल्यातला दिसतो रं."

साहेबानं काकीला इचारलं, "हा जबाब तुमचा?" काकी म्हणली, "न्हाई." "अंगठा?" "न्हाई." "सही करता येते?" काकीनं टायपिंगवाल्याचा पेन घेतला, पदर खोचला आन् लिवलं. साहेब म्हणला, "पुरे." काकी थांबंना. "पाच जागी म्हणले होते," म्हणली आन् पाच पुऱ्या करूनच उठली. बायांनी आशी आरोळी ठोकली की शेळ्या पळाल्या.

मंग फौजदार उठला. लई हुशार. म्हणला, "साहेब, बाईंना सही येते, मान्य. मग पहिल्या अर्जावर अंगठा कसा? म्हणजे तक्रारच बनावट. बनावट तक्रारीवर चौकशी चालू शकते का?"

काकीचं तोंड उतरलं. ताई, माझ्या पायाखालची जिमीन सरकली, आन् तो पाय पण तोच. क्षणभर वाटलं, पळावं. मंग पेमाकाकाकडं बघितलं. मनगट मांडीवर ठिवून तो फकस्त खाली बघून राहिला होता. आता झालं, ह्ये तर आपल्याला सवयीचंच, आसं तोंड करून.

उठलो. म्हणलं, "साहेब, तो अंगठा माझा."

जमादार वरडला, "खोटं! ह्याच्या अंगठ्याचा ठसा हाय माझ्याकडं, ह्याला खूण हाय!"

म्हणलं, "हाताचा न्हाई, जमादारसाहेब," आन् चप्पल काढली.

टायपिंगवाल्यानं शाईचं पॅड म्होरं केलं. मी पाय ठिवला. साहेबानं भिंग लावून दोन्ही ठसे बघितले. लई येळ बघितले. मला वाटलं, चालले आपण हिंगोलीच्या जेलात. साहेबाचे खांदे हालाया लागले. हासत होता, ताई! चष्मा पुसला आन् फौजदाराला म्हणला, "हा अर्ज म्हणजे आयोगाला मिळालेली खबर. खबर पायानं आली का डोक्यानं, फरक पडत नाही. पेपरातली बातमी वाचून, नाही तर नुसतं कानावर आलं, तरी आयोग स्वतःहून चौकशी करू शकतो. पण तुमचा कागद खबर नव्हे. तो सरकारी जबाब आहे. आता तुम्ही सांगा, हा अंगठा कोणाचा?"

जमादार कमरेचा पट्टा आवळाया लागला. फौजदार जमादाराकडं बघून राहिला. आन् तो कवळा शिपाई हमसून रडाया लागला. "माझा, साहेब. जमादारसाहेब म्हणले, अर्जावर पण अंगठाच हाय, मार."

मंग आबा म्होरं आलं. ह्ये नीट वाच. आबा म्हणलं, "मी व्यंकटराव. मोटर माझी. पेमाचं नाव मी घेतलं नव्हतं. कोऱ्या कागदावर सही मागितली, मी दिली, ही माझी चूक. दिवाळीत कॅनालचं पाणी बंद झालं, तवा मोटर गाळात घावली. चोरी झालीच नव्हती, साहेब, काठ खचून पडली होती. मी दोनदा ठाण्यात सांगाया गेलो. म्हणले, गप बसा, फाइल पुरी झालीय. मी गप बसलो. माझी लेक मुंबईत खुर्चीवर बसून बोलली, आन् मी इथं बाप्या माणूस असून गप बसलो." आन् आबांनी समद्यांसमोर पेमाकाकाचा तो मोडका हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

शेवटी साहेब म्हणला, "नायक, या पोरानं दुसऱ्याच्या नावानं अंगठा मारला. तुमच्यात याला शिक्षा काय?" प्रेमदास नायक इचार करून म्हणला, "आजपासून तांड्यात ज्याला अर्ज लिवायचा त्याचा अर्ज ह्यानं फुकट लिवायचा, आन् खाली स्वतःचं नाव घालायचं." साहेब म्हणला, "कबूल." मला कोणी इचारलंच न्हाई.

ऊन लई होतं. टायपिंगवाल्याचं पोट बिघडल्यानं तो घडीघडी झुडपामागं. तरी साहेबाच्या तांब्यातलं पाणी दिवस मावळंपोतर पुरलं. कमालीचा तांब्या हाय.

मरळीचं काय झालं म्हणशील तर मला ठाऊक न्हाई. तांड्यातल्या पोरांपैकी दुसऱ्या दिशी कोणी जेवलं न्हाई, येवढं खरं.

तुझा रणज्या


मुंबई
१२ जुलै २००४

रणज्या,

आबांचं वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसले होते, कितीतरी वेळ. शिपाई म्हणाला, "ताई, कोणी वारलं का?" मी म्हटलं, "नाही रे, कोणीतरी जिवंत झालं."

आता निकाल. पेमाकाका निर्दोष, त्यांच्यावर कधीच गुन्हा नव्हता, हे लेखी. बेकायदा कोंडून ठेवलं आणि मारलं, हेही लेखी. जमादारावर खटला, खोट्या जबाबाबद्दल फौजदाराची खातेचौकशी, पेमाकाकांना भरपाई. आयोग नुसती शिफारस करू शकतो, हुकूम नाही. सरकार ती फडताळात टाकतं की काय, या धाकात आम्ही सगळे होतो. साहेबांनी सहा आठवड्यांची मुदत घातली आणि दर सोमवारी स्वतः फोन करून विचारलं. परवा सरकारचं पत्र आलं. मान्य! जसंच्या तसं!

आणि सगळ्यात मोठं. आयोगानं स्वतःपुरता ठराव केला: ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार, त्या ठाण्याकडं चौकशी कधीही पाठवायची नाही. आणि चौकशीला आयोगाची स्वतःची माणसं नेमायची, परत जायला दुसरं घर नसलेली. चार जणांची भरती झालीय. ठरावावर बोलताना साहेब म्हणाले, "पळसतांड्याच्या बैलाचा नियम." आता ऑफिसात सगळे तेच म्हणतात. नव्या माणसांना पहिल्या दिवशी ती गोष्ट सांगितली जाते.

माझी नोटीस रद्द झाली. मला चौकशी विभागात कायम केलंय. बंद गठ्ठ्यांपैकी दोनशे अकरा फाइली पुन्हा उघडल्यात.

एक मात्र कोडं आहे. साहेब अजून त्या पाण्याबद्दल बोलतात. म्हणतात, "एवढासा तांब्या, दुपारी हलवून पाहिला तर रिकामा वाटला होता, आणि नंतर उघडला तर काठोकाठ! आणि काय गोड पाणी." तुला काही माहीत आहे का?

प्रियंका


पळसतांडा
१० सप्टेंबर २००४

ताई,

मिनाची सोयरीक जमली. तेच सोयरे, आपल्या पायानं आले. प्रेमदास नायकानं निकालाचा कागद त्यांच्यापुढं ठिवला तर म्हणले, "वाचता येत न्हाई." मंग काकीनं वाचून दाखवला. पहिल्यापासून शेवटपोतर, स्वल्पविरामासकट. चहा त्यांना मंगच दिला.

परवा तीज झाली. मिनाची माहेरची शेवटची. पोरी गव्हाच्या रोपांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन नाचत होत्या, आन् नगारा गप होता, कारण काकाचं मनगट आता सरळ व्हायचं न्हाई. मंग पेमाकाका उठला, काठी डाव्या हातात घेतली आन् वाजवाया लागला. पहिल्यांदा चुकला. पुन्यांदा चुकला. तिसऱ्यांदा आसा घुमला की धरणाच्या पल्याड आबाच्या शेतात ऐकू गेला. आबा चालत आलं. नाचलं न्हाई, पण टाळ्या बराबर ठेक्यात दिल्या.

माझी शिक्षा चालू हाय. एकोणीस अर्ज लिवले. समद्यांखाली माझं नाव. आता दुसऱ्या तांड्याची माणसं पण येऊन राहिली. जमादार निलंबित हाय, पण त्याची बायको काल आली, नवऱ्याचा अर्धा पगार अडकला म्हणून. तिचा पण लिवला. रिवाज म्हंजी रिवाज.

आता त्या पाण्याचं. सांगू का नको, आसं चार दिवस झालं. ऐक.

दुपारी पोलिसांना इचारायची बारी आली आन् साहेबाचा घसा पार सुकला. बोल फुटंना. तांब्या हलवला, रिकामा. टायपिंगवाला झुडपामागं. साहेब कोणाचं पाणी घेईना, आन् आता निवाडा उद्यावर जातो काय आसं झालं. उद्यापोतर तो शिपाई फिरला आसता, ताई! मंग समदे काकीच्या सह्या बघून राहिले होते, तवा मी बाजंखालून हळूच तांब्या वढला आन् भरून आणला.

पण मला रिवाज ठाऊक हाय. एकाच अंगाचं पाणी दिलं तर न्याय बाटला आसता. म्हणून अर्धा तांब्या काकीच्या रांजणातलं घातलं आन् अर्धा पोलिसांच्या जीपमधल्या कॅनीतलं. डोळ्यानं मोजून, बराबर बराबर. थेंब इकडं न्हाई, थेंब तिकडं न्हाई. आसा निवाडा कोणत्या कोर्टात झाला आसंल?

पण नायकाला कळलं तर तो म्हणंल, बाटला ते बाटला, आन् माझी शिक्षा जन्माची करंल. फौजदाराला कळलं तर वकील लावून निकाल फिरवाया बघंल. आन् साहेबाला कळलं तर त्या पाण्याची गोडी जाईल. म्हणून ताई, तुझ्या पाया पडतो, ज्या पायानं अंगठा मारला तो पाय मागं घेऊन पडतो: ह्ये वाच, फाड, आन् कोणाला म्हंजी कोणाला सांगू नको!

रणज्या
(ह्याच्याखाली अंगठा मुद्दाम मारला न्हाई.)